झांज ऐकू आली पाहिजे: भजनाच्या व्हीसीडी-डीव्हीडीतून आवाज जसाच्या तसा कसा काढावा

कुडाळजवळच्या आमच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात एकशे बारा डिस्क आहेत. बहुतेक डबलबारी भजनांच्या (दोन बुवांचा, म्हणजे मुख्य भजनगायकांचा सामना; त्याला आम्ही बारी म्हणतो) व्हीसीडी, काही दशावताराच्या, आणि नंतरच्या काळातल्या थोड्या डीव्हीडी. मी पखवाज वाजवतो. पोटापाण्यासाठी भांडुपला राहतो आणि चतुर्थीला गावी जातो. ट्रंकेतल्या एका बारीत माझे गुरू साथीला बसले आहेत. ते आता नाहीत, आणि त्यांचं वाजवणं त्या तीन डिस्कांखेरीज कुठेही मुद्रित झालेलं नाही.

काही वर्षांपूर्वी मी त्या तीन व्हीसीडी एका दुकानात देऊन त्यांची एमपीथ्री करून घेतली आणि भाच्याला रियाजासाठी पाठवली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "मामा, हेच्यात झांज खंय आसा?" झांज होती, पण ओल्या पत्र्यावर वाळू घासावी तशी. धूमपुडीचा, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या पुडीचा, घुमारा थापेच्या मागे फरफटत येत होता. तीच डिस्क टीव्हीला लावली तर झांज स्वच्छ वाजायची. म्हणजे आवाज डिस्कवर शाबूत होता आणि काढताना बिघडला होता. त्यानंतर दीड-दोन वर्षं मी या कामाला वाहून घेतलं. त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहितोय.

काढणं वेगळं, बदलणं वेगळं

डिस्कवरचा आवाज आधीच कुठल्यातरी साच्यात बसवलेला असतो. व्हीसीडीवर तो एमपी-टू नावाच्या साच्यात असतो, डीव्हीडीवर बहुधा डॉल्बीच्या एसी-३मध्ये किंवा न दाबलेल्या पीसीएममध्ये. आपण 'कन्व्हर्ट'चं बटण दाबतो तेव्हा प्रोग्रॅम तो साचा फोडतो आणि आवाज दुसऱ्या साच्यात नव्यानं कोंबतो. दर वेळी काहीतरी गळतं. कोकमाच्या आगळात एकदा पाणी घातलं की परत आगळ मिळत नाही, तसंच हे. म्हणून पहिली प्रत नेहमी आगळाची: चित्र बाजूला करायचं आणि आवाजाचा प्रवाह एक बिटही न बदलता वेगळ्या फाइलमध्ये उतरवायचा. मोबाइलसाठी लहान फाइल हवी असेल तर ती नंतर त्या प्रतीवरून करावी.

व्हीएलसीमधल्या 'कन्व्हर्ट / सेव्ह'पासून या कामात लांब राहा. व्हीएलसी बघायला-ऐकायला उत्तम आहे. पण त्यातला एमपीथ्रीचा तयार पर्याय न बदलता वापरला तर तो १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ हजार बिटना) दाबतो. माझ्या त्या दुकानातल्या फाइलीही १२८च्याच होत्या.

आधी हातातली डिस्क ओळखा

कव्हरवर काय छापलंय यावर जाऊ नका. कॉम्प्युटरमध्ये घालून फोल्डर बघा. 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर आणि त्यात 'एव्हीसेक०१.डॅट' अशा फाइली असतील तर ती व्हीसीडी. 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर असेल तर डीव्हीडी. 'बीडीएमव्ही' असेल तर ब्लू-रे.

कुठल्या डिस्ककडून किती अपेक्षा ठेवायची तेही यावरून ठरतं. व्हीसीडीचं मानक १९९३चं. त्यात आवाज ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि २२४ केबीपीएसचा एमपी-टू, म्हणजे तासाला साधारण १०० एमबी. डीव्हीडीवरचा दोन वाहिन्यांचा, १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झचा पीसीएम १,५३६ केबीपीएसचा असतो, म्हणजे तासाला जवळजवळ ६९१ एमबी. डीव्हीडीवरच्या एसी-३ला ४४८ केबीपीएसची मर्यादा आहे. साध्या स्टिरिओला अनेकदा १९२च देतात. व्हीसीडीतून डीव्हीडीचा आवाज निघणार नाही. पण २२४चा एमपी-टू नीट काढला तर तो पुष्कळ चांगला असतो. आमच्या बाऱ्यांच्या व्हीसीडी ऐकून मी हे खात्रीनं सांगतो.

आताच्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसतो, तेव्हा यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या. शक्य असेल तर दोन वेगळ्या बनावटींचे जवळ ठेवा. एकाला न वाचता आलेली डिस्क दुसरा सहज वाचतो, हे मी निदान दहा-बारा वेळा बघितलंय.

डिस्क पुसताना

कोकणातल्या दमट हवेत डिस्कवर बुरशी धरते. पांढरट जाळीसारखी दिसते. मी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकतो, मऊ सुती कापड भिजवून पिळतो आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसतो. गोल फिरवून कधीच नाही. गोल घासताना उमटलेला चरा माहितीच्या वाटेबरोबर लांबवर जातो आणि तेवढा अख्खा तुकडा जातो. आडवा चरा वाट फक्त ओलांडतो, तेवढं ड्राइव्ह सावरून घेतो.

व्हीसीडीच्या छापील बाजूला जास्त जपा. आपण चमकत्या बाजूची काळजी करतो, पण सीडीच्या जातीच्या डिस्कमध्ये माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली, पातळ लाखेच्या आड असतो. तिथे नख लागलं तरी ती जागा कायमची जाते. डीव्हीडीत हाच थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून छापील बाजूने ती जास्त सोसते. जुन्या डिस्कवरचे कागदी स्टिकर सोलायला जाऊ नका, थर स्टिकरबरोबर उचलला जातो.

व्हीसीडी: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त आवाज बिघडतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोक 'एव्हीसेक०१.डॅट' ओढून डेस्कटॉपवर टाकतात. कधी कॉपी मध्येच थांबते, कधी पूर्ण होते पण फाइल नीट उघडत नाही. कारण व्हीसीडीवरची माहिती साध्या डेटा सीडीसारखी नसते. डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २,०४८ बाइट माहितीसोबत चूक दुरुस्त करण्यासाठी जादा बाइट राखलेले असतात. व्हीसीडीनं ती जागाही चित्र-आवाजाला दिली आहे, म्हणून तिथे सेक्टरमागे २,३२४ बाइट बसतात. सीडीवर चित्रपट मावला तो यामुळे. पण दुरुस्तीचा तो जादा थर गेला. म्हणून चरा पडलेल्या व्हीसीडीत आवाजात 'टक्' येतो आणि कॉम्प्युटर मात्र काही चुकल्याचं सांगत नाही.

मी डिस्क उतरवायला आयसोबस्टर नावाचा प्रोग्रॅम वापरतो. डिस्क घातल्यावर डाव्या बाजूला ट्रॅक दिसतात. पहिला लहान ट्रॅक फोल्डरांचा असतो, त्यापुढचे ट्रॅक चित्र-आवाजाचे. चित्राच्या ट्रॅकवर उजवं बटण दाबून जो पर्याय फक्त एमपेग फ्रेम गाळून काढतो तो निवडायचा. त्यातून सरळ 'एमपीजी' फाइल मिळते, डॅटच्या वेष्टनाशिवाय. डॅट फाइल आधीच उतरवून झाली असेल तर व्हीसीडीगिअर नावाचा छोटा प्रोग्रॅम तिची एमपीजी करून देतो. तो वेष्टन काढतो, आवाजाला हात लावत नाही.

ड्राइव्हचा वेग कमी ठेवता आला तर ठेवा. आणि महत्त्वाची डिस्क दोनदा उतरवा. दोन्ही फाइली बाइटगणिक सारख्या आल्या तर काम झालं. वेगळ्या आल्या तर डिस्क पुन्हा पुसायची, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालायची, आणि तिसरी प्रत काढून कुठल्या दोन जुळतात ते बघायचं. गुरूंच्या तीन डिस्कांपैकी दुसरी मी पाच वेळा उतरवली. चौथी आणि पाचवी जुळली तेव्हा थांबलो.

आता एमपीजीतून आवाज वेगळा करायचा. त्यासाठी एमकेव्हीटूलनिक्स हा फुकट प्रोग्रॅम घ्या. फाइल आत ओढली की खाली दोन ओळी दिसतात, एक चित्राची आणि एक आवाजाची. चित्रासमोरची खूण काढा आणि 'स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग' दाबा. 'एमकेए' नावाची फाइल तयार होते. तासाभराच्या बारीला काही सेकंद पुरतात, कारण काही बदललं जात नाही, फक्त उचलून ठेवलं जातं. तुमचा प्रोग्रॅम एका तासाच्या आवाजाला पाच-दहा मिनिटं घेत असेल तर तो काढत नाहीये, बदलतोय. मी ही खूण कायम लक्षात ठेवतो.

शेवटी फाइल मीडियाइन्फो या फाइलीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. तिथे 'एमपेग ऑडिओ, लेयर २, २२४, ४४.१' असं दिसलं पाहिजे.

व्हीसीडी एकच वाहिनी की दोन

गावोगाव चित्रित झालेल्या व्हीसीडीत हा घोळ वारंवार असतो. काहींत सगळा आवाज डाव्या वाहिनीवर आणि उजवी रिकामी. काहींत एकीकडे मिक्सरचा आवाज आणि दुसरीकडे कॅमेऱ्याच्या माइकचा. हेडफोन लावून आधी डावी, मग उजवी, अशा दोन्ही पाच-पाच मिनिटं ऐका. माझ्याकडे एक बारी अशी आहे की मिक्सरच्या बाजूला बुवांचा गळा आणि पेटी स्वच्छ आहे, पण पखवाज जवळजवळ नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला पखवाज, झांज, कोरस आणि मांडवातली माणसं सगळं आहे. दोन्ही एकत्र केलं तर घुमतं, कारण कॅमेरा लांब होता आणि त्याच्यापर्यंत आवाज उशिरा पोचत होता. मी दोन्ही वेगळ्या फाइली ठेवल्या. गायकीसाठी एक, रियाजासाठी दुसरी.

बारी रात्रभर चालते आणि व्हीसीडीत साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात. म्हणून गजर ऐन रंगात आला की डिस्क संपते. पुढच्या डिस्कची सुरुवात कधी दहा-बारा सेकंद मागून असते, म्हणजे तेवढा भाग दोन्हीकडे येतो. जोडताना मी समेवर जोडत नाही. समेवर सगळ्यांचं लक्ष असतं, तिथे जरा इकडेतिकडे झालं की लगेच कळतं. गजराच्या ओळीमध्ये झांजेचा एखादा ठळक ठोका शोधतो. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये लहर मोठी करून बघितली की तो ठोका भाल्याच्या टोकासारखा उभा दिसतो. दोन्ही डिस्कांवरचा तोच ठोका एकावर एक ठेवायचा आणि त्याच्या लगेच आधी जोड द्यायचा. ठोका इतका जोरकस असतो की त्याच्या आड जोड लपतो.

डीव्हीडी: मेनूत लपलेला चांगला आवाज

संगीताच्या डीव्हीडीवर एकाच कार्यक्रमाचे दोन-तीन आवाज असतात. डॉल्बी ५.१ (सहा वाहिन्यांचा), डीटीएस, आणि कुठेतरी साधा स्टिरिओ पीसीएम. डिस्क लावल्यावर बहुधा ५.१ आपोआप सुरू होतो आणि पीसीएम मेनूतल्या सेटिंगमध्ये पडून राहतो. व्हीएलसीत डिस्क चालू करा, ऑडिओच्या मेनूत किती ट्रॅक आहेत ते बघा आणि कंट्रोल-जे दाबून प्रत्येकाची माहिती वाचा. पीसीएम दिसला तर तोच घ्यायचा. तो दाबलेला नाही, आणि कुणा ध्वनी-अभियंत्यानं दोन कानांसाठीच बसवलेला आहे.

'व्हिडिओ_टीएस' फोल्डरमधल्या व्हीओबी फाइली एकेक करून उघडू नका. डीव्हीडीवर एकच लांब प्रवाह असतो आणि तो सुमारे १ जीबीचे तुकडे करून ठेवलेला असतो. तुकडा गाण्याच्या शेवटी पडत नाही, मोजमाप भरलं की कुठेही पडतो. एकेका फाइलीतून आवाज काढला तर आलाप तुटून दोन फाइलींत जातो आणि सांध्यावर बारीक खड्डा राहतो.

म्हणून मेकएमकेव्ही हा डिस्कवरचा अख्खा प्रवाह एका फाइलीत उतरवणारा प्रोग्रॅम घ्या. डीव्हीडीसाठी तो फुकट आहे. डिस्क उघडली की शीर्षकांची यादी येते. तीच गाणी सलग आणि सुटी अशी दोनदा दिसली तर सलग शीर्षक घ्या, गाण्यांमधल्या टाळ्या आणि सूर जुळवणं त्यात राहतं. पाहिजे त्या आवाजापुढे खूण करा आणि एमकेव्ही बनवा. यातही काही नव्यानं दाबलं जात नाही.

एक गोष्ट मला महिनाभर कळली नव्हती. मेकएमकेव्ही १२० सेकंदांपेक्षा लहान शीर्षकं यादीत दाखवतच नाही. एका डीव्हीडीत दीड मिनिटाचं नमन वेगळ्या शीर्षकात होतं आणि मी ते डिस्कवर नाहीच असं धरून चाललो होतो. सेटिंगमध्ये व्हिडिओच्या पानावर किमान लांबी असते, ती दहा सेकंद करून ठेवा.

एमकेव्ही तयार झाली की तीच एमकेव्हीटूलनिक्सची वाट: चित्राची खूण काढायची, एमकेए करायची. गाणी वेगळी हवी असतील तर 'आउटपुट'च्या पानावर तुकडे करण्याचा पर्याय आहे, त्यात 'चॅप्टरच्या आधी' निवडा. डिस्क बनवणाऱ्यानं चॅप्टर नीट टाकले असतील तर गाणी आपोआप सुटी होतात. पण चॅप्टर चित्राच्या हिशेबानं टाकलेले असतात, कानाच्या नाही. पुष्कळदा गाण्याचा पहिला सूर मागच्या तुकड्याच्या शेपटीला राहतो. शिवाय एसी-३चा सर्वांत लहान तुकडा १,५३६ नमुन्यांचा (नमुना म्हणजे आवाजाची एक नोंद), म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झला ३२ मिलिसेकंदांचा, त्याच्या आत कापता येत नाही. म्हणून मी सलग फाइल जशीच्या तशी जपतो आणि सुटी गाणी तिच्यावरून कापतो.

डीव्हीडीला प्रदेशाचं बंधन असतं, भारताचा प्रदेश ५. परदेशातल्या नातेवाइकानं पाठवलेली डिस्क घातली की ड्राइव्ह प्रदेश बदलू का विचारतो. असा बदल फक्त पाच वेळा करता येतो, नंतर तो कायमचा अडकतो. विचार न करता 'हो' दाबू नका.

एसी-३ असेल तर धूम दबू देऊ नका

पीसीएम नाही, फक्त एसी-३ आहे, तर एमकेएमध्ये तो तसाच ठेवा. पण अगदी नेमक्या जागी कापायचा, किंवा ५.१चा स्टिरिओ करायचा तर तो आधी उलगडावा लागतो, आणि तिथे एक सापळा आहे. एसी-३च्या आत एक सूचना लिहिलेली असते: रात्री हळू आवाजात टीव्ही बघताना मोठे आवाज दाबा, लहान उचला. अनेक प्रोग्रॅम ही सूचना न विचारता पाळतात. एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये ती मुळातच चालू असते, आणि ऑडॅसिटी एसी-३ उघडायला एफएफएमपेगचीच मदत घेते. पखवाजाच्या दृष्टीनं हे वाईट. धूमपुडीवर पूर्ण हातानं 'धा' पडतो तो सगळ्यात मोठा आवाज, म्हणून पहिल्यांदा तोच दाबला जातो. थाप आणि बोटांचा बोल सारख्याच उंचीचे ऐकू येतात आणि वाजवणाऱ्याचं वजन नाहीसं होतं.

एफएफएमपेग आज्ञा लिहून चालवत असाल तर इनपुट फाइलच्या आधी 'डीआरसी स्केल' शून्य करा. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये 'डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन' असं काही दिसलं तर बंद करा. दोन्ही प्रकारे एकच मिनिट काढून शेजारी शेजारी ऐका. फरक धूमेवर लगेच कळतो.

ब्लू-रेबद्दल माझ्याकडे थोडंच आहे, कारण ट्रंकेत एकही नाही. मित्राच्या दोन मैफिलींच्या डिस्क मी काढून दिल्या. ब्लू-रे ड्राइव्ह लागतो, बाकी वाट मेकएमकेव्हीचीच. त्यात डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असेल तर ते दोन्ही काहीही न गमावता दाबलेले साचे आहेत. २४ बिटचा पीसीएमही सापडतो. जे सर्वांत मोठं दिसेल ते घ्या.

पेटी काढून सूर तपासा

भजनी मंडळातले बरेच जण जुन्या चित्रपटांतली भक्तिगीतं डीव्हीडीवरून काढतात आणि मग पेटी जुळत नाही म्हणतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि पॅल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीत २५ चौकटी धावतात. सगळं सुमारे ४ टक्के जोरात पळतं आणि सूर अर्ध्या सुराच्या साधारण सत्तर टक्के वर चढतो. काळी एकचं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकतं. ऑडॅसिटीत वेग आणि सूर एकत्र बदलण्याचा परिणाम आहे, त्यात उणे ४ टक्के द्या. २५चे २४ होतात आणि गाणं पट्टीत येतं. हे फक्त चित्रपटांच्या डिस्कना लागू. मांडवात व्हिडिओ कॅमेऱ्यानं घेतलेल्या बारीचा वेग बरोबरच असतो, तिला हात लावू नका. आधी पेटी घेऊन षड्ज तपासा, मगच ठरवा.

कापणं आणि जपणं

पीसीएमची फ्लॅक करा. फ्लॅकमध्ये काहीही गळत नाही, जागा मात्र बरीच वाचते. ऑडॅसिटीत कापताना आधी प्राधान्यांच्या क्वालिटीच्या पानावर जाऊन 'डिदर' बंद करा. नाहीतर नुसतं कापून साठवलं तरी ऑडॅसिटी आवाजात बारीक खर मिसळू शकते. कंट्रोल-बी दाबून प्रत्येक अभंग-गौळणीच्या सुरुवातीला खूण टाका, खुणेला नाव द्या, आणि शेवटी खुणांप्रमाणे अनेक फाइली एकदम काढा. एमपी-टू किंवा एसी-३ उलगडून फ्लॅक केली तर दर्जा वाढत नाही, पण पुढची गळतीही होत नाही. मूळ एमकेए मात्र फेकू नका. न उलगडता कापायचं असेल तर लॉसलेसकट नावाचा प्रोग्रॅम आहे.

आवाज लहान वाटला म्हणून 'नॉर्मलाइज' करू नका. एका अभंगाची हळुवार सुरुवात आणि गजराचा कळस यांतलं अंतर बुवांनी ठरवलेलं आहे. ऐकायला सारखी पातळी हवी तर रीप्लेगेन वापरा. ती फाइलीत फक्त एक आकडा लिहिते, आवाज तसाच राहतो.

घरघर काढायचा मोहही आवरा. मांडवातल्या वायरिंगमुळे ५० हर्ट्‌झची घुं येते, पण धूमेचा खर्ज त्याच्याच आसपास असतो. घुं कापली की धूमही पातळ होते. बिनधास्त कापावी अशी एकच गोष्ट मला सापडली आहे. स्पेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की आवाजाचा नकाशा दिसतो. त्यात १५.६ किलोहर्ट्‌झच्या आसपास एक बारीक आडवी रेघ दिसली तर ती जुन्या काचेच्या टीव्ही-मॉनिटरची शीळ. पॅलच्या चित्ररेषा सेकंदाला १५,६२५ वेळा ओढल्या जातात, त्याचीच ती. तेवढी अरुंद पट्टी काढली तर भजनाचं काही बिघडत नाही, आणि तरुण कानांना लगेच बरं वाटतं.

मोबाइलसाठी मग या प्रतीवरून २५६ केबीपीएसची एएसी करा. भाच्याला मी तीच पाठवतो. बाकी सगळं दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, एक भांडुपला, एक गावी.

हे सगळं स्वतःजवळच्या डिस्क स्वतः ऐकण्यासाठी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापराला जागा देतं. काढलेली बारी चॅनलवर टाकणं किंवा पेनड्राइव्ह भरून विकणं त्यात येत नाही. आमचे बुवा आणि साथीदार बाऱ्यांच्या बिदागीवर घर चालवतात, त्यांची मेहनत फुकट वाटून टाकायचा आपल्याला अधिकार नाही.

नावं लिहून ठेवा

फाइलीला 'ट्रॅक ०१' असं नाव ठेवू नका. फाइलीत नावं भरायचा एमपीथ्रीटॅग हा प्रोग्रॅम फ्लॅकही हाताळतो आणि मराठी नीट लिहितो. मी बुवांचं नाव, गाव, निमित्त, साल, पट्टी, पखवाज, पेटी, झांज, आणि कुठल्या डिस्कवरून काढलं एवढं भरतो. कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवतो.

आवाज काढल्यावर चित्राची फाइल पुसू नका, असं मी आता सगळ्यांना सांगतो. कव्हरवर फक्त बुवांचं नाव छापलेलं असतं, फार तर पखवाजवाल्याचं. झांज कोण वाजवतंय ते कुठेच नसतं, ते फक्त चित्रात दिसतं. गेल्या चतुर्थीला मी गुरूंच्या त्या बारीतलं एक चित्र थांबवून टॅबवर घेतलं आणि वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना घरोघर दाखवत फिरलो. पेटीवाले ओळखले गेले, कोरसमधले तिघे ओळखले गेले. झांजवाला गुरूंच्या उजव्या हाताला बसलाय, पांढरा सदरा, मान थोडी कलती. ज्याच्या झांजेसाठी मी हे सगळं शिकलो त्याच्या नावाची जागा अजून रिकामी आहे. या चतुर्थीला टॅब घेऊन शेजारच्या दोन वाड्यांत जाणार आहे.